इंग्रजीतले एकटे वडील

बाई, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण आज वर्गात तुमची फार आठवण आली म्हणून लिहायला बसले आहे. आपली कारखान्याच्या टाउनशिपमधली शाळा, आणि मी बाबांच्या बदलीमुळे भोपाळला नुकतीच आलेली. इंग्रजीच्या तासाला तुम्ही विचारता, वडील काय करतात? मी ताठ उभी राहून सांगते, "माय फादर आर फिटर." मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, "अरे, कितने फादर हैं तेरे?" सगळा वर्ग खिदळतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता या शाळेत तोंड म्हणून उघडायचं नाही, असं मी ठरवूनच टाकते. तुम्ही मात्र चूक झाल्याचं दाखवतच नाही! "ओ, युवर फादर इज अ फिटर? व्हॉट डज ही फिट?" तुम्हाला खरंच ऐकायचं होतं. मग मी मोडकंतोडकं बोलत सुटले.

संध्याकाळी तुम्ही मला तुमच्या क्वार्टरवर बोलावलंत. तुम्ही इंदूरच्या, तुमची मराठी अर्धी हिंदीच. पोहे परतता परतता म्हणालात, "अगं बेटा, बाबांना तू आर म्हटली ते इज्जत द्यायलाच ना? इंग्रजीला बिचारीला अहो-जाहो येतच नाही. तू इज म्हण, अन् इज्जत मनात ठेव. बस." मी विचारलं, "आणि आई? तिला तर आम्ही मराठीतसुद्धा अगं-तुगंच करतो." तुम्ही इतक्या हसलात की पोहे खाली लागले.

आता मी इथेच भोपाळमध्ये, कोलार रोडवर बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. नुकतंच लग्न झालेली एक मराठी मुलगी कधी बोलायचीच नाही. आज एकदाची उठली. "माय मदर-इन-लॉ आर व्हेरी स्ट्रिक्ट." कोणी हसायच्या आत मी म्हटलं, "ओ, शी इज स्ट्रिक्ट? व्हॉट डज शी से?" मग काय, सासूबाईंचं पुराण थांबेचना!

तास सुटल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, हू टॉट यू?" माझ्या तोंडून गेलं, "माय स्कूल टीचर आर व्हेरी काइंड." इतक्या वर्षांनी, बाई! ती हसली नाही. अगदी तुमच्यासारखं हळूच म्हणाली, "ओ, युवर टीचर इज व्हेरी काइंड?"

तुम्ही नाही आहात, हे तिला कुठे माहीत? त्या इजचं वॉज करून द्यायला हवं होतं. मी नाही दिलं. म्हटलं, "येस, शी इज."