हळदीकुंकवाचे व्हॉल्व्ह

प्रिय गायत्री,

परवा तू फोनवर रडलीस आणि मी नुसतं हं हं करत राहिले, म्हणून रागावली असशील. अगं, तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि दाजी तिथंच बाजेवर असतात. त्यांचा खोकला तुझ्या आवाजाआधी माझ्यापर्यंत पोचतो. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलणार? म्हणून हे पत्र. येडशीच्या शाळेत वहीतून चिठ्ठ्या सरकवायचो, त्यानंतर आजच तुला लिहितेय. वाचून झालं की पिठाच्या डब्याखाली ठेव, तिथं पुरुषांचा हात जात नाही.

तुझ्या योगीराजने दाजींचं गॅरेज मोडून टायरचं दुकान केलं आणि बापाला म्हणाला, आता आराम करा. पोराचं काही चुकलं नाही. पण सगळा जन्म ट्रकखाली घातलेल्या ईरण्णादाजींना आराम म्हणजे शिक्षाच की. जेवत नाहीत, दाढी करत नाहीत, काही विचारलं तर भिंतीकडे तोंड करतात, असं तू सांगितलंस. मला ते न बघता दिसलं, कारण पुरानंतर माझ्या घरात हेच चाललं होतं.

सीना नदीचं पाणी आमच्या मंडपाच्या गोदामात शिरलं तेव्हा आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो. पाणी ओसरल्यावर येऊन बघतो तर पडदे, गाद्या, खुर्च्या सगळं चिखलात, आणि जनरेटर गळ्यापर्यंत गाळात. गावात वीज नाही, सगळ्यांचे मोबाइल बंद. चारजण इंजिन फिरवायचं हँडल घेऊनच आले. “उत्तरेश्वर, मारून तर बघू, पाणी आपोआप फेकंल!” आमचे हेही बाह्या सरसावून उभे. मी हँडल हिसकावलं आणि त्याच्यावर बसले, खरोखर फतकल मारून बसले. दाजी एकदा आमच्याकडे जेवताना ओढ्यात बुडालेल्या ट्रकची कथा सांगत होते, आठवतं? आत पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी काही दबत नाही, लोखंड वाकतं. तेव्हा मला जांभया येत होत्या, पण नेमकं तेवढंच डोक्यात राहिलं.

मग यांनी इंजिन उघडलं. तळाचं ऑइल सोडलं तर पाणी मिसळून झालेला दुधाचा चहाच बाहेर आला. सगळे भाग सुटे करून पोत्यावर मांडले आणि पुढे यांचा हातच चालेना. भागांवर गंज चढत होता आणि हे बघत बसलेले. बोलणं बंद. तुला खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायला लागली होती. हे विहिरीकडे गेले तरी मी काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायची.

अशात खंडेनवमी आली. दरवर्षी हे स्वतः जनरेटर धुऊन हार घालतात. यंदा म्हणाले, “मेलेल्याची कसली पूजा?” हे बाहेर गेल्यावर मी सगळे भाग डिझेलने घासले, नवी चादर अंथरली आणि मोठ्यापासून लहानापर्यंत छान ओळी लावल्या. प्रत्येकाला हळदीकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं फूल. वाटलं, बघून यांचे डोळे भरून येतील.

डोळे कुठले! “आगं, कुठला व्हॉल्व्ह कुठं ठिवलास? म्या ओळीनं लावले हुते ना! ज्याच्या त्याच्या घरात घासून बसलेला असतोय त्यो! आन् ह्या नळीत कुंकू कुणी कोंबलं? लई शहाणी झालीस व्हय?” आवाज ऐकून शेजारची दगडाबाई पळत आली. गायत्री, लग्न झाल्यापासून इतकी बोलणी मी खाल्ली नव्हती आणि इतकी खूशही कधी झाले नव्हते. मला शिव्या घालत घालतच हे खाली बसले. फडक्याने कुंकू पुसायचं, व्हॉल्व्ह बसवून बघायचा, नाही जमला तर दुसरा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, हेही विसरले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, “गप बस, जमतंय आता.” मी दगडाबाईच्या गळ्यात पडून रडले.

पुढे डायनामो अंगणात वाळवला, नवं ऑइल भरलं, आणि तुळशीच्या लग्नाला गावात आमच्याच जनरेटरवर दिवे लागले. इंजिनाने आधी काळा धूर ओकला, दोनदा ठसकलं आणि मग धडधडायला लागलं. आता नदीकाठच्या लोकांची बुडालेली इंजिनं आमच्या दारात येऊन पडतात. यांचे हात दिवसभर काळे, आणि ताटात एक भाकरी जास्त. बरं चाललंय आमचं.

आता पत्राचं कारण. दाजींना आमच्याकडे जा म्हणू नकोस. मायेनं बोलावलं तर त्यांना कीव केल्यासारखं वाटेल. भाजी निवडता निवडता सहज एवढंच म्हण, “दीपमालाचे मालक इंजिनातल्या डिझेल पंपाचं टायमिंग अंदाजानं लावतेत म्हणं, आन् गावभर सांगतेत, ही उमरग्याच्या ईरण्णाची पद्धत हाय.” यांचं टायमिंग बिनचूक असतं, पण हे मी यांना विचारूनच लिहितेय. नदीकाठच्या शंभूचं बुडालेलं मोठं इंजिन यांनी मुद्दाम उघडून ठेवलंय आणि त्याला हात लावत नाहीत. म्हणाले, “येऊ दे, चार लोकांत शिव्या देऊ दे, पर बाजेवरनं उठू दे.” दाजी ताडकन उठतील, चप्पल शोधतील. तू फक्त जेवून जा म्हण आणि पिशवीत दाढीचं सामान घाल. सोलापूर, बार्शी करत परंड्याच्या स्टँडवर उतरतील तेव्हा हे त्यांना घ्यायला उभे असतील, मान खाली घालून, बोलणी खायच्या तयारीने.

तुझीच,
दीपमाला