आईच्या कोटाचं माप

४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईच्या राखाडी कोटाची बटणं अखेर लागली! आई जाऊन वर्ष व्हायच्या आत तो अंगात बसवायचाच, असं ठरवलं होतं. सकाळी कोट घालून स्वयंपाकघरात गेले, तर बाबांच्या हातून कपच निसटला. क्षणभर त्यांना आईच दिसली म्हणे. मोबाइलवरच्या कोष्टकाप्रमाणे मोजून खायला लागले, तेव्हा सुरुवातीला पोट फार ओरडायचं. आता दिवसभर चकार शब्द काढत नाही. जिंकले ना?

रागावशीलच, तरी लोभ ठेव.

तुझी खारूताई


११ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

जिंकलीस? कुणाला, पोटाला? अगं बये, तो कोट तुझ्या आईच्या मापाचा नव्हेच. शेवटच्या हिवाळ्यात तो तिच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबायला लागला, म्हणून मीच शिंप्याकडे देऊन दोन्ही बाजूंनी आत घ्यायला लावला. तू तिच्या आजारात शिरली आहेस.

तिची भूक सगळ्यांत आधी गेली. येणारा जो तो म्हणायचा, काय छान बारीक झालात! त्यांचे हसरे दात मला अजून दिसतात. धडधाकट होती तेव्हा भूक लागली की साहेबांसमोरसुद्धा डबा उघडायची, आणि पोट भरलं की घास तसाच टाकून उठायची.

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर घंटा वाजवून भूक लावायच्या. तुझं ते मोबाइलवरचं कोष्टक त्यांचीच धाकटी बहीण. काढून टाक. मागून मागून मिळालं नाही की पोटही तोंड मिटतं. थोडं थोडं खा, आणि आत कान दे.

तुझ्यावर जीव असलेली, म्हणूनच संतापलेली,
मावशी


६ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

कोष्टक काढून टाकलं. थोडं थोडं खात होते, पण आतून काही उत्तरच येईना. रिकाम्या घराचं दार ठोठावत राहावं तसं. भीती वाटली गं.

काल चष्म्याच्या दुकानात कामावर असताना एका आजोबांना काचा लावून दाखवत होते, तर हात थरथरायला लागले. उगाच त्यांच्यावर खेकसले. मग लक्षात आलं, ही भूक आहे. मागच्या खोलीत जाऊन डबा उघडला आणि खाता खाता हुंदका फुटला. आई गेली तेव्हा मी रडले नव्हते. पोर खंबीर आहे, असं तुम्ही सगळे म्हणत होतात. मावशी, भूक नव्हती तोवर आईही गेली नव्हती. काल गेली.

आज पुन्हा लागली आहे. पत्र अर्धंच ठेवते, आधी जेवते.

तुझा लोभ असाच रागावत राहो.

तुझी खारूताई