आयलीच्या जागेवरचा बर्फ

१२ जानेवारी. सकाळी ८. उणे चोवीस.
माझी बायको आयली जाऊन तीन आठवडे झाले. जमीन गोठलेली, खड्डा खणता येत नाही. म्हणून दफनभूमीतल्या दगडी कोठीत तिची धरून सहा शवपेट्या वसंताची वाट बघतायत. आमच्या या उत्तरेकडच्या गावात हे दर हिवाळ्याचंच आहे. मी खंबीर आहे. संकल्प: दफनाच्या वेळी वाचायला तिच्याबद्दल चार पानं लिहिणे. रोज स्वयंपाक. रडारड बंद.

१३ जानेवारी.
डब्यातलं सूप, गरम न करताच खाल्लं. स्वयंपाक उद्यापासून.

२९ जानेवारी.
मेन स्ट्रीटखालची पाण्याची लाइन फुटली. फुटणारच! रस्त्यावरचा बर्फ काढून टाकतात, जमिनीवर पांघरूण उरत नाही, मग गारठा सहा फूट खाली उतरतो. शेजारच्या मैदानात बर्फाखाली माती मऊ असते. वॉटर डिपार्टमेंटमध्ये एकतीस वर्षं घासलीत मी. नव्या साहेबाला फोनवर अर्धा तास समजावलं. थँक यू रेइनो, आता तुम्ही आराम करा, म्हणाला. मूर्ख.

११ फेब्रुवारी.
नुसतं बसून वसंत येत नसतो. फावडं घेऊन आयलीच्या जागेवर गेलो. पाइनखालची, आम्हा दोघांसाठी घेतलेली जागा. तीन फूट बर्फ उपसला. आता ऊन थेट मातीला लागेल. माझा पक्का अंदाज: दफन १५ एप्रिलला. लेखनाची प्रगती: "आयली ही". कंबर गेली.

१२ फेब्रुवारी.
अकरा इंच पडला. उपसला.

३ मार्च.
छप्पर ठिबकतंय. संपला हिवाळा, मी म्हटलंच होतं! मिनियापोलिसहून लेकीचा फोन. एलेन म्हणाली, बाबा, थोडे दिवस इकडे या ना. म्हटलं, इथली कामं कोण करणार? कसली कामं, म्हणाली. आवाज नीट येत नाही असं सांगून फोन ठेवला.

५ मार्च.
उणे एकोणीस. फावडं.

२१ मार्च.
कॅलेंडरवर कालपासून वसंत. बाहेर वादळ, अठरा इंच. उपसायला दोन दिवस जातील. दफनभूमीचा राखणदार टाउनो जेवायला घरी जातो, तेवढ्यात मी उरकतो. उगाच त्याला कशाला त्रास?

१५ एप्रिल.
अंदाज किंचित चुकला. हवामान खातं नालायक आहे. "आयली ही" खोडलं. सुरुवात जमत नव्हती.

२ मे.
बाकी पाचही जणांची दफनं झाली. त्यांच्या जागेत टाउनोची माती तपासायची सळई सरळ खाली गेली म्हणे. आयलीच्या जागेत फूटभर जाऊन ठण्ण. एलेन फोनवर चिडली. बाबा, दोनदा तिकीट बदललंय मी. आता थंडी काय माझ्या हातात आहे?

८ मे.
पहाटे चार इंच पडला. टाउनोने पकडलं, फावड्यासकट. म्हणाला, अख्खा हिवाळा उपसत होतास? लेका रेइनो, गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं, बर्फ काढला की गारठा खोल जातो. आणि तू तर जन्मभर पाइप… मग बोलायचा थांबला. म्हटलं, ऊन लागावं म्हणून. त्याने थर्मासमधली कॉफी दिली. अजून दहा दिवस लागतील, म्हणाला. फावडं मात्र काढून घेतलं.

१९ मे. संध्याकाळ.
लख्ख ऊन होतं. दफन झालं. एलेन म्हणाली, बाबा, तुम्ही काहीतरी वाचणार होतात ना? खिशातून कागद काढला. कोरा. या वर्षी थंडी फार होती, एवढंच म्हणालो. लोक हो म्हणाले.

एलेन आत झोपली आहे. कोठीत होती तोवर आयली माझ्यासाठी गेलेली नव्हती. मला सगळं ठाऊक होतं, पहिलं फावडं मारलं तेव्हापासून. तिला मातीत जाऊ द्यायचं नव्हतं मला.

अंगणातला बर्फ वितळून गेलाय. उद्या उपसायला काही नाही.