पाळण्याचं गाऱ्हाणं

रत्नागिरी,
८ जून १९८६

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे सुखरूप डोंबिवलीला पोचल्याचं कार्ड मिळालं. तुमची एस.टी. सुटली आणि इकडे घर खायला उठलं. बाळाची एक चड्डी मागच्या दांडीवर राहिली आहे. ती मी पाठवणार नाही, पुढच्या मे महिन्यात त्याने स्वतः न्यायला यायचं. उल्काला सांग, बरोबर दिलेली आमसुलं अजून ओलसर आहेत. मुंबईकडे ऊन मिळेल तेव्हा वाळत घाल म्हणावं, नाहीतर बुरशी धरेल.

एक गोष्ट मनात घोळते आहे. मिरजोळ्याची गंमतबाग ती केवढीशी! कारखान्यांच्या शेडमागे एक मोठा पाळणा, एक झुकझुकगाडी आणि वाकडे आरसे. पण दर वर्षी पाळण्यापुढे उभं राहून मी गाऱ्हाणं घालायचं आणि माझ्या प्रत्येक मागणीला तुझ्या पोरांनी ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचं, हा आपल्या घरचा सण आहे. देव न मानणारी बहीण लोखंडी पाळण्याला साकडं घालते म्हणून तू मला चिडवतोस. खुशाल चिडव. त्या पोरांच्या आरोळीसाठी मी माझी नास्तिकता तासभर बाजूला ठेवते.

यंदा मी नेहमीसारखंच म्हटलं, बा म्हाराजा, पोरांना सुखरूप वर ने, सुखरूप खाली आण, आणि पुढल्या सालाला पुन्हा तुझ्या पायाशी घेऊन ये. या शेवटच्या मागणीला बाळा एकटाच ओरडला. राही ओठ मिटून उभी होती. पाळणा चालवणाऱ्या भागोजीनेसुद्धा विचारलं, ताईंची बॅटरी उतरली काय. मी हसले. पण तुम्ही गेल्यापासून तेच आठवतं आहे. तिला काही बोलला होतास का?

उल्काला व मुलांना आशीर्वाद. पत्राला उशीर केलास तर मी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहीन, मग साहेबांसमोर फोडून वाच.

तुझी,
आक्का

---

डोंबिवली,
२२ मार्च १९८७

ती. आक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

मधल्या पत्रांत राहीबद्दलचा तुझा प्रश्न मी टाळला, आणि हे पत्रही बरेच दिवस टाळत होतो. यंदा मे महिन्यात आमचं येणं होत नाही. सोसायटीतल्या मंडळींनी मिळून उटीची सहल ठरवली आहे आणि उल्काने नाव नोंदवूनही टाकलं.

पण नुसत्या उटीमागे लपणं बरं नव्हे. खरी गोष्ट अशी की राहीला आता गंमतबागेत गंमत वाटत नाही. तिने ते तिच्या आईला सांगितलं, आईने मला, आणि मी तुला पत्राने कळवतो आहे. समोरासमोर तुझ्यापुढे बोलायची माझी छाती नाही. लहानपणी तू मला पाढे पाठ करायला लावायचीस, तेव्हापासून नाही.

पोरगी आता नववीत जाईल. आरशापुढे तास घालवते, तोही वाकड्या नव्हे, चांगल्या सरळ आरशापुढे. मुलं मोठी होतात, आक्का. आपण दोघं बोट बघायला बंदरावर धावायचो, ते कधी सुटलं हे तुला तरी सांगता येईल का? बाळा मात्र यायचं म्हणून रडला. त्याला एकट्याला एस.टी.त बसवून द्यायला उल्का तयार नाही.

रागावशील हे ठाऊक आहे. रागाव, पण थोडक्यात.

तुझा,
श्याम

---

रत्नागिरी,
२ एप्रिल १९८७

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

थोडक्यात रागावणं मला जमत नाही, हे तुला पाढ्यांच्या काळापासून माहीत आहे.

मुलं मोठी होतात हे तू मला शिकवू नकोस. जन्मभर शाळेत मी दुसरं काय पाहिलं? पण गंमत आपोआप सुटते, हे मला मान्य नाही. ती सोडायला लावली जाते. कुणीतरी एक दिवस म्हणतं, एवढी घोडी झालीस आणि पाळण्यात बसतेस? त्या दिवशी मूल खाली उतरतं, आणि आपण म्हणतो, बघा, किती शहाणं झालं! शिमग्यात साठी उलटलेले बाप्ये पालखी खांद्यावर घेऊन घामाघूम होईपर्यंत नाचतात. त्यांचं वय कुणी विचारत नाही. मग तेरा-चौदा वर्षांच्या मुलीलाच का विचारायचं? आनंदाला वयाचा दाखला लागत असेल, तर तो मागणाऱ्यांच्या विरुद्ध मी आहे, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना.

हेच मी वाचनालयाच्या सभेत बोलले असते तर टाळ्या पडल्या असत्या. इथे कागद संपत आला.

उटीला जा. बाळाला कानटोपी घाल. आणि राहीला माझं एवढंच विचार. पाळण्यापुढे हात जोडून ओरडणारी आत्या तिला चार माणसांत लाजिरवाणी वाटली का? तसं असेल तर मला कळायला हवं. बाकी सगळे मुद्दे मी खोडून काढीन, हा नाही काढता येणार.

तुझी,
आक्का

---

रत्नागिरी,
१९ मे १९८७

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

उटीचं चित्रकार्ड पोचलं. त्यातलं तळं छान आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यावर मावलं नसेल.

काल मी गंमतबागेत जाऊन आले. घरी बसवेना. तुला ठाऊक आहे, मला भोवळ येते म्हणून मी कधी पाळण्यात बसले नाही. पोरांच्या चपला हातात धरून खाली उभी राहायची आणि ती वर गेली की हात हलवायचा, एवढंच माझं काम. काल म्हटलं, वरून काय दिसतं ते एकदा आपणही बघू.

भागोजी म्हणाला, एकट्या माणसाला फिरवलं तर पाळणा एका अंगाला जातो. दुसरं कुणी गिऱ्हाईक नव्हतं. म्हणून त्याने समोरच्या बाजूच्या पाळण्यात जांभ्याचे चिरे भरले. वर म्हणतो कसा, बाईंच्या वजनाचेच घेतलेत, राग मानू नका. मग मी एका टोकाला आणि चिरे दुसऱ्या टोकाला असे आम्ही फिरलो. भोवळ आली, पण फार नाही.

वरून शेडचे पत्रे दिसतात, लांबवर समुद्राची एक पट्टी दिसते. मी खाली, माझ्या नेहमीच्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

गाऱ्हाणं घातलं का, असं तू विचारशील. नाही घातलं. ‘व्हय’ म्हणायला चिरेच होते.

आंबा यंदा कमी आहे. तरी एक पेटी पाठवते. उल्काला व मुलांना आशीर्वाद.

तुझी,
आक्का

---

डोंबिवली,
१४ जून १९८७

ती. आत्येस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र बाबा मोठ्याने वाचत होते. चिऱ्यांपाशी आले आणि थांबले. चष्मा पुसायला आत गेले ते आलेच नाहीत, म्हणून पुढचं मी वाचलं. तुझं एप्रिलचं पत्र त्यांनी मला दाखवलंच नव्हतं. ते मी काल मागून घेतलं.

तू मला लाजिरवाणी वाटली नाहीस. कधीच नाही. वर्गात कुणाचीच आत्या पाळण्याला गाऱ्हाणं घालत नाही, हे मी उलट सगळ्यांना ऐट करून सांगते.

पण आत्या, मला कुणी घोडी म्हटलं म्हणून मी खाली उतरले नाही. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा यायचा, तो दोन वर्षांपूर्वीच यायचा बंद झाला. मी खूप वाट पाहिली, आलाच नाही. तरी मी ओरडायचे, कारण तू खाली चपला घेऊन हसायचीस. गेल्या वर्षी तू म्हणालीस, पुढल्या सालाला पुन्हा घेऊन ये. मी पुन्हा येणार नाही हे तेव्हा माझ्या मनात ठरलं होतं. वक्तृत्वाच्या स्पर्धेला तूच मला शिकवलंस, की मनात नसलेलं चार माणसांपुढे बोलू नये, बक्षीस गेलं तरी चालेल. मग मी ‘व्हय’ कसं म्हणणार? खोटं म्हणण्यापेक्षा गप्प राहिले. तुला इतकं लागेल असं वाटलं नाही.

बाळाला अजून गोळा येतो. पुढच्या वर्षी त्याला पाठवायला मी आईच्या मागे लागणार आहे. मी येईन का, ते आत्ता सांगत नाही, कारण सांगितलं तर पाळावं लागेल.

एक विचारू? आम्ही गेल्यावर तू संध्याकाळी कुणाशी बोलतेस? तुला एकटं वाटतं का? आई म्हणाली, मोठ्या माणसांना असलं विचारत नाहीत. पण मला ते चिरे सारखे दिसतात, म्हणून विचारते.

तुझी,
राही

---

रत्नागिरी,
२३ जून १९८७

प्रिय राही,

वर जे खोडलेलं दिसतं ते ‘चि.’ आहे. हात सवयीने गेला.

तुझं पत्र मी आधी वाद घालायला म्हणून वाचलं. पेन्सिल घेऊन मुद्द्यांखाली रेघा मारल्या. पुन्हा वाचलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. मी हरले असं मात्र समजू नकोस. पालखीचा मुद्दा अजून माझाच आहे, आणि तुझ्या बापाला तसं ठणकावून सांग. पण तुझा गोळा कुणी काढून घेतला नाही, तो आपला आपण गेला, हे मी मानते. माझ्याच पोटात तो राहिला होता, तुम्हाला वर जाताना पाहून येणारा. त्याला मी तुमचा समजत होते. आणि ज्या मुलीचा स्वतःचा गोळा गेला, तिला दुसऱ्याच्या पोटातला दिसायला लागला. एवढी मोठी तू डोंबिवलीत कधी झालीस, मला पत्ताही नाही.

आता तुझा प्रश्न. मी आजवर हुंड्यावर बोलले, दारूबंदीवर बोलले, मुलींच्या शिक्षणावर बोलले. समोरच्या माणसांनी नाही नाही ते प्रश्न विचारले. मी लग्न का केलं नाही, हेसुद्धा एकाने मंडणगडच्या सभेत उभं राहून विचारलं होतं, आणि मी त्याला हसवून खाली बसवलं होतं. तू जे विचारलंस ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी मी रेडिओच्या बातम्या ऐकते आणि त्यांच्याशी भांडते. मग एक ताट घेते. जेवण झालं की पुस्तक मोठ्याने वाचते, घरात आवाज असावा म्हणून. तुम्ही गेल्यावर काही दिवस तर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसुद्धा वाचते. हो, राही. एकटं वाटतं. फार वाटतं.

यावर उपाय म्हणून येऊ नकोस. दयेने आलेल्या माणसाला मी चहासुद्धा नीट करत नाही. यावंसं वाटलं तर ये, आणि एरवी असंच लिहीत जा.

आशीर्वाद तुला जन्मल्यापासून दिले, तेही आहेतच. पण धाकट्यांना आपण ‘लोभ असावा’ असं लिहीत नसतो, म्हणून तो तुझ्याकडे कधी मागितला नाही. आज मागते. असू दे.

तुझी,
कमलाआत्या