डब्यातलं लिंबू

सर, परवा प्रॅक्टिकल संपल्यावर मी हाताला लिंबू चोळत होते, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, ही आयडिया कुणाची?" काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली आणि घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले.

कॉलेजात मत्स्यशास्त्र शिकवायचं आणि जन्मात मासा चाखायचा नाही, असे तुम्ही एकटेच. कळंब्याच्या तलावातल्या कुठल्या माशाच्या पोटात शेवाळ निघणार आणि कुठल्याच्या पोटात किडे, हे तुम्ही तो फाडायच्या आधीच सांगायचात. पण तुमचं घर लिंगायत, तिथं अंड्याचंही नाव निघत नसे. आईला, म्हणजे अव्वांना, तुम्ही सांगून ठेवलं होतं, मी पाण्याचं शास्त्र शिकवतो. घरी जाण्याआधी शर्ट बदलायचा, कोपरापर्यंत साबण घासायचा. "अव्वाला कळलं तर माझ्या हातचं पाणी प्यायची न्हाय ती," असं म्हणताना तुमचा चेहरा पार उतरायचा. आम्हा विद्यार्थ्यांना हसू यायचं, पण तुमची भीती खरी होती.

नव्वदीच्या सुरुवातीची एक दुपार. ट्रेमध्ये कटला मासा उघडून ठेवलाय, तुम्ही चिमट्यानं त्याचं आतडं उचलताय, आणि व्हरांड्यातून आवाज येतो, "माझा ल्योक कुठं बसतोय?" तुम्ही विसरलेला डबा घेऊन अव्वा स्वतः आल्या होत्या. तुम्ही मागच्या दारानं जे सुटलात ते थेट वनस्पतिशास्त्राच्या बागेत. मी अ‍ॅप्रन काढून ट्रेवर टाकला. अव्वा स्टुलावर टेकल्या.

"काय झाकलंस गं पोरी?"

"पाण्याचे नमुने आहेत, अव्वा."

"पाण्याला शेपूट असतंय व्हय?"

खिडकीतून तुम्ही दिसत होतात, जास्वंदीचं पान उलटंपालटं करून बघताना. अव्वांनीही पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हाताला लिंबू चोळ म्हणावं त्याला. नुसत्या साबणानं वास जात न्हाय. पर मी सांगितलं म्हणू नगंस. मला ठावं हाय हे कळलं, तर नोकरी सोडून घरात बसंल त्यो. लई जीव हाय त्याचा ह्यात."

कागलला आमच्या घरी मासे साफ केल्यावर लिंबू लावतात, असं मी तुम्हाला ठोकून दिलं. तुम्ही भर वर्गात माझ्या हुशारीचं कौतुक केलंत. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या डब्यात भाकरी-चटणीसोबत एक अख्खं लिंबू येऊ लागलं. "अव्वाला हल्ली लिंबाचं काय खूळ लागलंय की!" म्हणत तुम्ही ते रोज हाताला चोळायचात. माशाच्या पोटातलं सगळं ओळखणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये याचा मला रागही यायचा आणि तुमच्याबद्दल मायाही वाटायची.

अव्वा गेल्या तेव्हा मी भेटायला आले होते. शेवटचं पाणी त्यांनी तुमच्याच हातून मागून घेतलं होतं. "शेवटपर्यंत कळलं न्हाय बघ तिला," असं म्हणून तुम्ही लहान मुलासारखे रडलात. मलाही रडू आवरत नव्हतं.

पुढं तुम्हीही गेलात. आता सांगायला हरकत नाही, असं वाटून एवढं लिहिलं, पण हे पाठवणार नाही. तिकडं तुम्ही एकाच घरात असणार आणि टपाल अव्वाच घेणार.

परवा त्या पोरीलाही मी सांगितलं, आयडिया माझीच.