फळीवरचं कुंकू

बाई, तुमची फळी अजून माझ्याकडेच आहे. आतापर्यंत चार घरं बदलली, बमरोलीतून पलसाण्याला आले, लग्नातली निम्मी भांडी कुठं गेली देव जाणे, पण पाच कोनांची ती पांढरी फळी दर वेळी टेम्पोत सगळ्यांच्या आधी चढली. घरी आलेलं माणूस विचारतं, हा काय पोळपाट आहे का? मी म्हणते, हो, कोपरे फुटलेला. आता प्रत्येकाला सॉफ्टबॉल कुठं समजावत बसू? तुम्हाला तरी आम्हाला समजावताना कुठं सोपं गेलं होतं!

लग्न होऊन तुम्ही जळगावकडून सुरतेत आलात आणि शाळेत खेळलेला तो खेळ रुखवतासारखा सोबत घेऊन आलात. आमच्या मराठी शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागलात तेव्हा शाळेकडं एक फुटका कॅरमबोर्ड होता. तुम्ही गावाहून एक बॅट आणि पाच हातमोजे मागवले. पहिले तीन टप्पे म्हणजे वाळू भरलेली सिमेंटची पोती. चौथा टप्पा म्हणजे घर, त्याला शिवलं की धाव. त्या घरासाठी फळी हवी होती, ती माझ्या बाबांनी दिली. ते मागावर कामाला होते, त्यांच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, एक माग मोडीत निघाला होता, त्याचीच ती फळी. पाच कोन कापून, पांढरा रंग देऊन बाबा स्वतः शाळेत घेऊन आले. तुम्ही त्यांना चहा पाजलात, आणि मी आठवडाभर वर्गात अशी मिरवले की विचारू नका.

पहिल्या वर्षी स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात आपण बाहेर. आठवतं का? आपली पहिली फलंदाज बॅट हातात घेऊनच पळाली आणि पोत्यावर बॅट टेकवून, पाय बाहेर ठेवून, ऐटीत उभी राहिली. घरी भाऊ क्रिकेट खेळायचे, आम्ही तेवढंच पाहिलेलं. त्यांनी तिला आरामात बाद केलं. तुम्ही मैदानाबाहेरून कपाळावर हात मारून ओरडताय, "बॅट काय टेकवते वं, पाय टेकव, पाय!" एरवी तुमची मराठी पुस्तकातली, पण सामना सुरू झाला की तोंडातून थेट अहिराणी. घरी जाताना रडणाऱ्या त्या पोरीला तुम्ही उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "हरलो ते बरं झालं. आता जन्मात विसरणार नाहीस." दुसऱ्या वर्षी प्लेग आला. सुरत रिकामी झाली, आपल्या सहा पोरी गावी पळाल्या, त्यातल्या तिघी परत आल्याच नाहीत. स्पर्धा कसली नि काय. तुम्ही मात्र उरलेल्यांना घेऊन रोज मैदानावर, तोंडाला रुमाल बांधून.

आणि मग तिसऱ्या वर्षी आपण चक्क अंतिम सामन्यात! उपांत्य सामन्यात चेंडू टाकणाऱ्या आपल्या पिचरनं ओळीनं तिघींना बाद केलं तेव्हा तुम्ही मला उचलून घेतलंत, मी तेव्हा चांगली दांडगी असूनसुद्धा. अंतिम सामना आपल्याच मैदानावर, आपल्याच पोत्यांवर आणि फळीवर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला बाबा खात्यात मागाची पूजा करायला गेले, तसं तुम्ही आम्हाला शाळेत बोलावलंत. बॅट, मोजे, चेंडू ओळीनं मांडले. मला म्हणालात, "फळी तुझ्या बाबांची, हळदकुंकू तूच लाव." मी मधोमध मोठ्ठं बोट ओढलं, झेंडू ठेवला आणि डोकं टेकवून नमस्कार केला. घरी हे सांगितलं तर आई काय म्हणाली असेल? "पूजानी वस्तूले पाय लावू नको वं." आता तिला बिचारीला खेळातलं काय ठाऊक! मी हसले. पण ते वाक्य कुठंतरी जाऊन बसलं, ते बसलंच.

शेवटचा डाव चालू आहे. त्यांच्या दोन धावा, आपली एक. ती एकही आपल्या ठेंगणीनं घसरत येऊन हातानं फळीला शिवून काढलेली, आणि उठताना तिनं तोच हात आधी कपाळाला लावलेला. दोन जणी बाद झाल्या आहेत, तिसरी गेली की डाव संपला. मी तिसऱ्या पोत्यावर उभी. माझ्यानंतर खेळायला आलेली आपली पिचर फटका मारते, चेंडू उजवीकडं लांब जातो आणि तुमचा आवाज येतो, "पय वं माय, पय!" मी पळतेय. फळी दिसतेय. रंग मळलाय, कुंकू पुसट झालंय, पण आहे. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट आहेत, चिखलाचे. आणि बाई, अगदी शेवटच्या क्षणी माझा पाय आपोआप लांब पडला. घरात मांडलेला पाट ओलांडतो तशी मी ती फळी ओलांडून गेले.

फळीमागं बसलेली त्यांची कॅचर हुशार. चेंडू हातात येताच तिनं तो फळीला लावला आणि ओरडली, "पग अड्यो ज नथी, साहेब!" पंचांनी मला बाद दिलं. खेळ खलास, आपण हरलो. तुम्ही धावत आलात. माझे दोन्ही खांदे धरलेत आणि विचारलंत, "पाय टेकला का? माझ्याकडं बघून सांग." सगळ्या पोरी भोवती उभ्या. पिचर रडतेय. मी तुमच्याकडं बघून म्हटलं, "टेकला, बाई."

त्यानंतर तुम्ही जे काही केलंत! मुख्याध्यापकांपुढं मान वर न करणाऱ्या तुम्ही त्या पंचांशी भर मैदानात भांडलात, तेही मराठी-गुजराती-हिंदीची खिचडी करून. "मारी छोकरी जूठ नथी बोलती," हे एकच वाक्य तुम्ही कितीदा म्हणालात. ते हसले, तशा तुम्ही आणखी पेटलात. उपविजेत्यांची ढाल द्यायला लागले तर म्हणालात, हरलोच नाही तर ही कशाला? आणि आम्हाला ओळीनं बाहेर घेऊन आलात. त्यावरून मुख्याध्यापकांनी तुम्हाला खोलीत बोलावून झापलं. आम्ही दाराशी उभ्या राहून ऐकलं. पुढच्या वर्षी स्पर्धेचं बोलावणंच आलं नाही. मग बॅट कपाटात गेली ती गेलीच. बाई, तो खेळ तुमचा माहेरचा होता हो! आणि तो माझ्या एका शब्दानं बंद पडला.

बाहेर पडल्यावर तरी तुम्ही रागवायचं ना! तुम्ही सगळ्यांना फाफडा-जिलेबी खाऊ घातलीत आणि मला दोन जिलेब्या जास्त दिल्यात, माझ्यावर अन्याय झाला म्हणून. त्या मी कशा गिळल्या ते माझं मला माहीत. दहावीनंतर भेटायला आले तेव्हा तुम्ही फळी कापडात गुंडाळून दिलीत आणि म्हणालात, "शेवटचा पाय हिच्यावर तुझा पडलाय, तूच ठेव." मी नको म्हणाले. तुम्हाला वाटलं, लाजतेय.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मी कितीदा तरी मनात खेळून पाहिलं आहे. कुंकवावर बूट ठेवायला जीव झाला नाही, हे त्या पंचांना सांगून काही उपयोग नव्हता. पण तुम्हाला कळलं असतं. साऱ्या मैदानात ते कळणारं माणूस तुम्हीच एक होतात आणि मी खोटं बोलले ते नेमकं तुमच्याशी. तुम्ही आधी डोळे वटारले असते, "येडी का काय तू!" म्हणाला असतात, मग पदर तोंडाला लावून हसत सुटला असतात. ते हसणं मी घालवलं. तुम्ही आजारी असताना दवाखान्यात आले तेव्हा सांगणार होते. तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या बाईंना माझी ओळख करून दिलीत, "हीच ती, हिला पंचांनी उगीच बाद दिलं." मी मोसंबी सोलत बसले.

काल खंडेनवमी झाली. सवयीनं फळीला हळदकुंकू लावलं. आज सकाळी मुलगी मैत्रिणीकडं गेल्यावर ती जमिनीवर ठेवली, कुंकू पुसलं, चपला काढल्या. म्हटलं, तीस वर्षं होत आली, आता तरी एकदा तुमचं म्हणणं खरं करावं. बराच वेळ एक पाय उचलून उभी राहिले, भिंतीला धरून. पण नाही झालं. पुन्हा कुंकू लावलं आणि फळी जागेवर ठेवली. हा कागद तिच्याच मागं ठेवतेय, कारण पाठवायचा तर पत्ता कुठला लिहू? बाई, माझा पाय टेकला नव्हता.