पिकप तेल पिते तेव्हा

११ ऑगस्ट, सोम.
आज पुन्हा तेल घातलं. जूनपासून पिकप इंजिन ऑइल पितेय. एवढी दारू मी प्यालो असतो तर शालनने मला कधीच घराबाहेर काढलं असतं. रात्रभर इंजिनाखाली पुठ्ठा ठेवून बघितला, सकाळी कोरडा. म्हणजे गळत नाही, जळतंय. गावचा चढ चढताना मागे निळा धूर. एक स्कूटरवाला नाक दाबून पुढे गेला.

१३ ऑगस्ट, बुध.
डिचोलीचा बाजार. इब्रामपूरच्या बायकांची भेंडी, दोडकी आणि आमची तवशी-काकडी नेली. येताना गुरुदास मिस्त्रीचं गॅरेज. धूर बघून म्हणाला, "पात्रांव, रिंगो गेल्यो. इंजिन उगडचें पडटलें." पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडायचं, म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचं काम. घरी येतो तर शालनचा भाऊ मनोहर बसलेला. "भावजी, इकून टाका ती. तुये गावच्या कारखान्यात वॉचमन होयो आसा. मिया शब्द टाकलंय."
चांगल्या मनाने सांगतो. पण सुर्ल्यात खाण बंद होऊन मी चालवायचो ते ट्रक थांबले तेव्हा ठरवलं होतं, आता आपली गाडी, आपला धंदा. ही गेली की मी दुसऱ्याच्या गेटवर स्टूल टाकून.

१५ ऑगस्ट, शुक्र.
तेल मोजायची पट्टी काढली, तेल खालच्या खुणेच्याही खाली. घातलं. शालन मागे उभी. "रोज ओततास तां जाता खंय?" मला कळलं असतं तर ओतलं असतं का, म्हटलं. उगाच खेकसलो. मनोहरने सावंतवाडीचं गिऱ्हाईक ठरवलंय, रविवारी बघायला येणार. मी हो म्हटलं. म्हणजे नाही म्हटलं नाही.

१७ ऑगस्ट, रवि.
गिऱ्हाईक आलं. गाडी देवळासमोरच्या सपाट जागेत आणायला लावली. थोडा वेळ थांबून स्वतःच पट्टी काढली आणि हसला. "काका, तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर. इंजिनाचा आवाज लपवायला भरलंत की काय?" पुढच्या सोमवारी-मंगळवारी फोन करतो म्हणून गेला. चोर ठरलो.
जेवताना शालन: "खळ्यात होती तवा गाडी शानी होती." मी म्हटलं, त्याच अंगणात तू तवशीचा मांडव घातलास म्हणून ती रस्त्याच्या उतारावर गेली. आणि तिथेच घास थांबला. मांडव कधी घातला? जूनमध्ये.

१८ ऑगस्ट, सोम.
सकाळी नेहमीच्या जागी, उतारावर, पट्टी बघितली: तेल कमी. तीच गाडी देवळासमोर नेऊन, जरा थांबून बघितली: तेल जास्त. उतारावर तेल पुढे धावतं, पट्टी मागे. ती तरी काय सांगणार?
खाणीवरची सवय. गाडी नेहमी उतारावर, नाक खाली, म्हणजे बॅटरी उठली नाही तर धक्क्याला बरी. आणि पट्टी बघितल्याशिवाय चावी नाही. दोन्ही सवयी चांगल्या, पण दोन्ही एकत्र केल्या की...
जास्तीचं तेल काढलं. हवेचा पाइप उघडला, आतून तेलाने ओला. म्हणजे मी घालायचो, ती वर उडवायची, हवेबरोबर ओढून जाळायची. शालनला सांगितलं. ती इतकी हसली की मलाही हसू आलं.

२० ऑगस्ट, बुध.
बाजार. चढावर आरशात सारखं बघत होतो. धूर नाही म्हणण्याइतका. सकाळी चालू करताना मात्र एक निळा भपका आला. गुरुदासला सगळं सांगून कॉम्प्रेशन मोजायला लावलं. "चारूय सिलिंडर सारके," म्हणाला. रिंगांचं काय, विचारलं. "उतर फाटीं घेतां." घेतला शब्द मागे. सकाळचा भपका व्हॉल्व्हच्या सीलचा असेल, गणेशचवथीनंतर बघू म्हणाला. असेल. नसेल तर पुन्हा रिंगा आहेतच.
मोठी आशा धरायची नाही असं ठरवलं. धरली.

२५ ऑगस्ट, सोम.
गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीचा बाजार. डिचोलीत पाय ठेवायला जागा नाही. रानातली कवंडळं, सुपारीची शिपटं, आंबाडे, बायका, सगळं एका खेपेत नेलं. गाडी कुठे कुरकुरली नाही. घरी आलो तर शालन म्हणाली, गिऱ्हाइकाचा फोन आला होता. काय सांगितलंस? "गाडी बाजाराक गेली म्हटलंय. खोटा काय त्याच्यात?"

२६ ऑगस्ट, मंगळ.
उद्या चवथ. सपाटीवर पट्टी बघितली: तेल वरच्या खुणेपासून किंचित खाली. आठवड्याभरात इतकंच. डबा हातात घेतला होता, परत ठेवला.
मनोहर गणपतीला येईल, वॉचमनचं विचारेल. काय सांगायचं ते ठरत नाही. सीलवर भागलं तर नोकरी नको म्हणून मान वर करून सांगेन.
आजपासून गाडी देवळासमोर, सपाटीवर. बॅटरी जुनीच आहे, सकाळी उठली नाही तर धक्क्याला उतार नाही. तरी तिथेच लावली.